गणपाचा पाय आणि अठरा प्रश्न

२०२४ साल. माझं वय बहात्तर. गणपाचा उजवा पाय माझ्या मांडीवर होता, माझ्या हातांत मोजे होते, आणि बँडेज सोडवता सोडवता मी सातवा प्रश्न तोंडपाठ विचारत होतो. प्रश्नांचा कागद शेजारी बसलेल्या अनुजा मॅडमकडे होता. मला लागत नव्हता.

"गणपा, अंगात कायव बदल झालो, दुखला-खुपला, तर तू घरात सांगतंस?"

"सांगतंय."

"सगळा?"

"सगळा."

"सुनंदा, सांगतत काय गो?"

"सांगतत मा," त्याची सून दारातूनच म्हणाली.

मॅडमनी दोन चौकोनांत दोन खुणा केल्या. नेहमी. नेहमी.

ती दोघंही तेव्हा खोटं बोलत होती. तिसरा खोटा माणूस पाय मांडीवर घेऊन बसला होता.

मी ड्रेसर. म्हणजे सरकारी इस्पितळात जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. शाळा चौथीपर्यंत. वॉर्डबॉय म्हणून लागलो, झाडू मारला, बेडपॅन उचलले, आणि जुन्या ड्रेसरच्या पाठी उभं राहून हात शिकलो. पुढची तीस वर्षं ड्रेसिंग रूम माझी होती. नवीन डॉक्टर यायचे, आधी जखमेकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी मान हलवली की पुढचं लिहायचे. ही फुशारकी आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

रिटायर झाल्यावर मसुरे ते कट्टा या गावांच्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांच्या जखमा घरी जाऊन बांधायला लागलो. बहुतेक शुगरवाले. शुगरच्या माणसाच्या पायाला कळत नाही. खिळा घुसला तरी तो चालत राहतो. त्यामुळे दुखत नाही म्हणजे बरं आहे, हे या जखमेत चालत नाही. ही जखम डोळ्यांनी, बोटांनी आणि नाकानं बघायची असते.

अनुजा मॅडम मुंबईच्या एका कॉलेजात नर्सिंग शिकवत. वय पस्तीसच्या आतलं. त्यांच्याकडे अठरा प्रश्नांचा एक फॉर्म होता, मूळ परदेशातला. म्हातारं माणूस आणि त्याला सांभाळणारं घरचं माणूस, दोघांना तेच प्रश्न विचारायचे. एकमेकांना दुखणं सांगता का. डॉक्टरकडे कधी जायचं ते मिळून ठरवता का. म्हातारा नुसती सेवा घेतो, की सांभाळणाऱ्याचीही कधी विचारपूस करतो. मग दोघांची उत्तरं शेजारी ठेवायची आणि कुठे जुळतं, कुठे फाटतं ते बघायचं. हा फॉर्म आपल्याकडे वापरायचा तर नुसतं भाषांतर पुरत नाही. इथल्या माणसांवर चालवून बघायचा आणि अडेल तिथे बदलायचा. याला त्या अडॅप्टेशन म्हणत. तयार शर्ट अंगात घालून बघतात, काखेत धरतो का, आणि मग शिंपी उसवतो, तसंच ते.

नियम एकच कडक होता. दोघांना वेगवेगळं बसवून विचारायचं.

पहिल्याच घरी नियमाचं काय होतं ते कळलं. मॅडमनी सुनेला मागच्या पडवीत नेलं, तर पुढून सासू हाका मारायला लागली, "काय सांगतंस गो तिका?" इतक्यात मुलगा मोटरसायकलवरून आला. म्हणाला, "आमच्यात भांडणा लावूक इलात काय?" आम्हाला चहा न घेता त्या घरातून निघावं लागलं. चाळीस वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नव्हती.

गाडीत मी मॅडमना म्हणालो, "हे मुंबईत चालेल. इथे घरातली दोन माणसं वेगळी बसवली म्हणजे चौकशी लागली. दोघांना पडवीत एकत्र बसवा. प्रश्न मी विचारतो, आमच्या बोलीत. माझ्यासमोर कुणी खोटं बोलणार नाही."

"पण तात्या, पद्धत तशी नाहीये."

"पद्धत तुमची. माणसं माझी."

त्यांनी ऐकलं. त्या घरासकट अकरा घरं माझ्या पद्धतीनं झाली. पहिल्या घरातसुद्धा मी मॅडमना परत नेलं आणि सासूनं स्वतः खुर्ची पुढे केली. सगळीकडे चहा मिळाला, एका घरी जेवण. अठरा प्रश्नांना सगळ्यांची उत्तरं एकसारखी, नेहमी आणि नेहमी. मला बरं वाटत होतं. आमची घरं अशी आहेत, लिहून घ्या म्हणावं मुंबईला.

मॅडमचा चेहरा मात्र घरागणिक उतरत चालला होता. अकराव्या घरातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "तात्या, अकरा घरांत एकही माणूस कधी चिडला नाही? कंटाळला नाही? काही लपवलं नाही? असं कसं होईल?"

"आमच्याकडे होतं."

"माझ्या सरांचा फोन आला होता. बाराव्या घरीही असंच आलं तर मसुरे-कट्टा हा भागच अभ्यासातून काढा म्हणाले. या उत्तरांचा उपयोग नाही."

"मग सरांनाच आणा. मी त्यांना विचारतो अठरा प्रश्न."

त्या हसल्या नाहीत.

बारावं घर गणपाचं. गणपा माझ्याच वयाचा. त्याची काजूची बाग, थोडं भात. मुलगा दिलीप मुंबईत नोकरीला, सून सुनंदा इथे सासऱ्याला आणि बागेला बघते. गणपाच्या करंगळीखाली तळव्याला जखम झाली होती, ती दोन महिने माझ्याकडे होती. एक दिवस आड मी जायचो. त्या दिवशी पट्टी सोडवली तर गॉज जरा जास्त भिजलेलं निघालं. पण जखमेचं तोंड लहान झालं होतं, कडा गुलाबी. मला समाधान वाटलं. गॉज बाजूला टाकलं.

आता इथे ती गोष्ट सांगायला हवी, जी तोवर मी कुणालाच सांगितली नव्हती. करोनात माझा वास गेला तो परत आलाच नाही. ना फणसाचा, ना फिनेलचा. माझ्या कामात नाक फार मोठं. जखम बिघडायला लागली की डोळ्यांना दिसायच्या आधी दोन दिवस नाकाला कळतं. डोळे आहेत, हात आहेत, पुरे, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत होतो. बायकोलाही बोललो नव्हतो. ड्रेसरला वास येत नाही हे एकदा बाहेर गेलं की त्याला दारात कोण उभं करणार?

सातवा प्रश्न झाला आणि मॅडमनी पेन खाली ठेवलं. सुनंदा दारातच उभी होती. पुढे येत नव्हती, पदर तोंडाशी धरलेला. मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

"तात्या, इथे थांबूया. पुढचं मी सुनंदाताईंशी एकटी बोलते. मग काकांशी. आणि तुम्हीही थोडा वेळ बाहेर बसा."

"मी?"

"हो, तुम्ही."

गणपाला मजा वाटली. "तात्याक भायर काढल्यान रे."

मी नवी पट्टी बांधली, मुद्दाम सावकाश, आणि बाहेर जाऊन अंगणाच्या दगडी गडग्यावर बसलो. समोर खळ्यात सुकट वाळत घातली होती. तिच्यावर कावळे येत होते, त्यांनाही मी हाकललं नाही. तीस वर्षं ज्यानं डॉक्टरांना शिकवलं, त्याला एका पोरीनं दाराबाहेर बसवलं होतं. निघून जावं असं मनात आलं, पण माझी पेटी आत राहिली होती.

मॅडम मागच्या दारी गेल्या. तिथे काजूच्या बोंडांचा ढीग पडला होता. सुनंदा बोंडं पिळून बिया काढत होती. मॅडमनी कागद पिशवीत घातला आणि त्यासुद्धा तिच्यासोबत बिया काढायला बसल्या, हे मला गडग्याच्या टोकावरून तिरकं दिसलं. आता ह्यांचे हात डागाळणार, असं मनात म्हणालो. बरंही वाटलं.

पंधरा मिनिटंही झाली नसतील. मॅडम घराला वळसा घालून भरभर माझ्याकडे आल्या. हातांवरून काजूचा रस कोपरापर्यंत ओघळलेला.

"तात्या, जखमेला वास येतोय का?"

"कसला वास?"

"सुनंदाताई म्हणतात चार दिवस येतोय. घाण वास. मला मघाशी काहीतरी जाणवलं होतं, पण मला वाटलं सुकटीचा. आणि तुम्ही तर अगदी जवळ होता."

यावर मी जे बोललो ते लिहायला हात जड होतो. मी म्हणालो, "येतो थोडा. सुकटीचाच असणार."

"त्या म्हणतात रात्री आतल्या खोलीत येतो. तिथे सुकट नाही."

तोवर सुनंदाही येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "तात्यानू, तुमका येताच आसतलो असा माका वाटला. तुमी नाकाकडे पाय घेवन बसतास. तुमी काय बोललात नाय. म्हटला, जखमेचो वास असोच आसतलो. इतक्या उन्हातून तुमी येतास, तुमका वर कसा विचारतलंय?"

मी तिच्याकडे बघितलं. त्या बाईनं चार दिवस स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता.

"माका वास येणा नाय," मी म्हणालो. "करोनापासून."

मग सुनंदा म्हणाली, "मगे आत चला."

पट्टी पुन्हा सोडवली. टाचेकडून बोटांकडे अंगठ्यानं तळवा दाबत आणला. जखम दिसायला चांगली झाल्यापासून हे दाबून बघणं मी सोडून दिलं होतं. दाबलं तसा त्या गुलाबी तोंडातून करडा पू बाहेर आला. आणि कातडीखाली बोटांना कुरकुर लागली, वाळकं पान दाबल्यासारखी. कुरकुर म्हणजे आत हवा. हवा म्हणजे आत सडतंय आणि वर चढतंय. तोंड मिटत होतं म्हणून मी खूश होतो, आणि आतलं सगळं त्या मिटल्या तोंडाआड कोंडलं होतं. घोट्यापर्यंत लाली आली होती. ती मी बघितली होती आणि पट्टी घट्ट झाली असेल म्हणून सोडून दिली होती.

गणपाच्या कपाळाला हात लावला.

"ताप कधीपासना?"

"ताप खंय?"

"गणपा."

"परवापासना थंडी भरता," तो म्हणाला. "उतरता मगे."

सुनंदा त्याच्यासमोर खाली बसली. "बाबा, आणि माका सांगूक नाय?"

"सांगलंय तर तू दिलीपाक फोन करतलंस. तो रजा टाकून येतलो. तुझी कंबार आधीच गेलेली. काय काय बघतलंस तू?"

"माझी कंबार गेली ती तुमका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक व्हया? चलताना दिसता मा."

"मगे विचारूक नाय कधी?"

"तू तरी खंय सांगलंस?"

मॅडमच्या हातात कागद नव्हता. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. त्या गाडीवाल्याला हाक मारायला धावल्या.

जिल्ह्याच्या इस्पितळात पोचायला तासभर लागला. गणपा मागच्या सीटवर आडवा, डोकं सुनंदाच्या मांडीवर. वाटेत त्याला हुडहुडी भरली तेव्हा त्यानं पहिल्यांदा कबूल केलं, "आता जरा जास्त आसा."

सर्जन तरुण होते. त्यांनी पाय बघितला आणि विचारलं, "ड्रेसिंग कोण करत होतं?"

"मी."

"वास आला नाही?"

"माझं नाक गेलंय."

त्यांनी मान वर केली. "मग पट्ट्या कशाला बांधता?"

आजवर कुठल्याही डॉक्टरसमोर माझी अशी मान खाली गेली नव्हती.

सर्जननी सांगितलं ते असं. शेवटची दोन बोटं आणि तळव्याचा बाहेरचा भाग आत्ताच काढायचा, सगळी घाण उघडी करायची. मग पाय वाचेल असं वाटतं, खात्री नाही. दिलीपला फोन लागला. तो म्हणाला, "मी उद्या सकाळी पोचतो. तोवर काही कापू नका." सर्जननी फोन हातात घेतला. म्हणाले, "उद्या सकाळी आपण बोटांवर बोलत नसू, गुडघ्यावर बोलत असू." मग दिलीपनं विचारलं, "तात्या आहेत ना तिथे? तात्या काय म्हणतात?"

गणपानंही तेच म्हटलं. "तात्या सांगात तसा."

आमच्याकडे हे असंच चालतं. घरात अडलं की कुणीतरी बाहेरचा जाणता माणूस सांगतो आणि घर मोकळं होतं. मग घरातल्या कुणावर दोष येत नाही. मी किती घरांचं असं ठरवलं असेल, मोजदाद नाही. आणि मला ते आवडायचं. मॅडम समोर उभ्या होत्या. त्यांच्या फॉर्मात बारावा प्रश्न हाच होता, उपचार तुम्ही दोघं मिळून ठरवता का. अकरा घरांनी 'नेहमी' सांगितलं होतं. त्यातल्या निम्म्या घरांचं मीच ठरवलं होतं.

मी म्हणालो, "मी सांगूचंय नाय. पाय तुझो, करतली ती. तुमी दोघा ठरवा."

"असा काय करतंस मेल्या," गणपा म्हणाला. तो पहिल्यांदा घाबरलेला दिसला.

मी पडद्याबाहेर गेलो. पडद्यातून ऐकू येतं हे मला माहीत होतं, तरी गेलो.

आतून गणपाचा आवाज आला. "बोटां नसली तर माका बागेत जावक गावाचा नाय. घरात बसान तुका दुप्पट काम."

"आता काय कमी आसा?"

"तसा नाय गो."

"बाबा, बोटां नसली तर तुमी खंय नाचूक जातास? टाच रवली तर काठयेन चलश्यात. अख्खो पाय गेलो तर तुमका उचलतलो कोण? माझ्या कंबरेची गोष्ट तुमीच काढलास."

गणपा हसला की कण्हला ते कळलं नाही.

"तुका काय वाटता ता सांग."

"माका भय वाटता," सुनंदा म्हणाली. "पण आताच करूया असा वाटता. तुमका?"

"माकाव भय वाटता."

"मगे?"

"मगे कर सही. आधी माझी घी."

दिलीपला नंतर कळवलं. त्यानं वाद घातला नाही. दोघांनी ठरवलं म्हटल्यावर तो काय बोलणार?

दोन तास लागले. सर्जन बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दोन बोटं आणि तळव्याची बाहेरची कड गेली, टाच आणि घोटा राहिला. ताप उतरेपर्यंत काही सांगत नाही म्हणाले, पण चेहरा मघासारखा कठोर नव्हता. आता लिहितो आहे तेव्हा गणपा काठी घेऊन बागेच्या गडग्यापर्यंत जातो. पुढे जायला सुनंदा देत नाही. त्यावरून दोघांची रोज बाचाबाची होते, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

त्या संध्याकाळी बाकावर मी आणि मॅडम बसलो होतो.

"तात्या, अकरा घरं पुन्हा करावी लागतील."

"हो."

"वेगवेगळी बसवून."

"हो. पण बसवून नको. कामात हात असताना विचारा. आज विचारलं तसं. म्हणजे चौकशी वाटत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि तुमच्याशिवाय."

याला 'हो' म्हणायला मला वेळ लागला. पण म्हणालो.

सातवा प्रश्नही बदलायचा होता. तुम्ही दुखणं घरात सांगता का, असं विचारलं की कुणीही सांगतो म्हणणारच. घराची शोभा असते ती. मॅडमनी मला विचारलं, तुम्ही कसं विचाराल? मी विचार करून म्हटलं, "गेल्या आठ दिवसांत घरात न सांगितलेलं काय काय आहे, असं विचारा. आहे का, असं नको. आहे, असं धरूनच चाला." आता फॉर्मात तो तसाच आहे. चौथी शिकलेल्याचा एक प्रश्न त्यात आहे एवढं मी नक्की सांगेन.

बाकी मला जे समजलं ते थोडकं आहे. दोघांची उत्तरं जुळली म्हणजे घर सुखी, असं मी धरून चाललो होतो. अकरा घरांत जे जुळत होतं ती माझी भीड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं कट्ट्याला उतरलो. तिथून चालत शेवंताकाकीकडे, त्या अकरा घरांतलंच एक. ऐंशीच्या पुढची बाई, टाचेला जखम. सून शेजारी तांदूळ निवडत बसली होती. पेटी उघडायच्या आधी मी उभ्यानंच सांगितलं, "काकी, माका वास येणा नाय. तीन वर्सां झाली. जखम बिघाडली तर माका कळाचा नाय."

"म्हायत आसा," काकी म्हणाली.

"कोणी सांगल्यान?"

"गेल्या आषाढात हंय दूध करपान गेला. घरभर वास. आणि तू चुलीकडेच बसान सांगत होतंस, चाय बरी झाली म्हणान. तुका वाईट दिसात म्हणान बोलाक नाय."

सून तोंड फिरवून हसली. मी खाली बसलो, मोजे चढवले, पट्टी सोडवली आणि तिला म्हटलं, "हसू नको गो. हंय ये आणि वाकून वास घी."